महाडचे व्यंगचित्र कोणी काढले?

मराठी व्यंगचित्राचा इतिहास सांगायला बसले की काही नावे आपोआप ओठांवर येतात. ठाण्याचा ‘हिंदू पंच’, किर्लोस्करवाडीचे शंकरराव किर्लोस्कर, दीनानाथ दलाल, हरिश्चंद्र लचके, शि. द. फडणीस, वसंत सरवटे, बाळ ठाकरे आणि इंग्रजी दैनिकात राहूनही मराठी घरांत पोचलेले आर. के. लक्ष्मण. या यादीत मुंबई-पुणे आहे, ठाणे आहे, कृष्णाकाठही आहे. सावित्रीकाठचे महाड त्यात नाही, आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर तर नाहीच. तरीही या कलेला विचारावा असा सर्वांत अवघड प्रश्न महाडातूनच येतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागोमाग हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, मुसलमान-ख्रिस्ती पीत होते. या माणसांच्या ओंजळीने मात्र तळे बाटले असे ठरले. वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची हूल उठवून महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली आणि मग तळ्याची शुद्धी झाली. १०८ घागरी पाणी उपसले, पंचगव्य पाण्यात कालवले, मंत्र म्हटले आणि शेणाने पाणी पवित्र झाल्याचे जाहीर झाले. व्यंगचित्रकाराने काही वाढवायची गरज पडू नये असा हा प्रसंग. पण छापील मराठी व्यंगचित्राच्या परंपरेत तो चित्र म्हणून आपल्यापर्यंत आलेला नाही. उलट जो पाणी प्यायला त्याची चित्रे पुढच्या तीस वर्षांत भरपूर निघाली आणि ती दुसऱ्यांनी काढली. या विसंगतीतून एक विधान करता येते: व्यंगचित्राचा इतिहास रेषेचा आणि विनोदाचा जितका आहे तितकाच कुंचला कोणाच्या हाती होता याचा आहे, आणि ज्याच्यावर हसले गेले त्याला उलट हसण्याची सोय होती की नाही याचाही.

ही उलट हसण्याची सोय पुस्तकी कल्पना नाही. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात ती छापखान्याच्या आधीपासून नांदत आली आहे. गणपतीच्या दिवसांत इथल्या वाड्यावाड्यांतून जाखडी नाचते. मध्यभागी शाहीर, ढोलकी आणि झांजा. भोवती पायांत चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. आधी गण, मग गवळण आणि मग ज्याची सगळी वाट पाहत असतात ते सवाल-जवाब. एक बारी शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. वाद वरवर माया श्रेष्ठ की ब्रह्म श्रेष्ठ असा असतो; प्रत्यक्षात समोरच्या शाहिराचे पाठांतर, त्याचा गुरू, त्याचे गाव, त्याचा आवाज, त्याची ऐट यांतले काहीच सुटत नाही. टोमणा जितका झणझणीत तितकी शिट्टी मोठी. पण या खेळाची मांडणीच अशी आहे की टोमणा मारणाऱ्याला पुढच्या बारीत खाली बसून ऐकावे लागते. ज्याची टर उडवली तोच आता ढोलकीशी बसलेला असतो, प्रेक्षक तेच असतात, रात्रही तीच असते. उत्तर जमले नाही तर नामुष्की त्याची; उत्तर देण्याची मुभा मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनी हा खेळ मुंबईला नेला आणि परळच्या दामोदर हॉलसारख्या रंगमंचांवर तो रंगला. शिमग्याच्या सोंगांतही असाच अलिखित करार असतो: सोंग काढणारा गावातल्या बड्यांचीही नक्कल करतो आणि दिवस सरले की ती मुभा संपते. या लोककला निष्पाप होत्या असे म्हणायचे नाही. बायकांवरचे ओंगळ विनोद त्यांत होते आणि गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना त्या रिंगणात बरोबरीची जागा नव्हती. पण रिंगणाच्या आत जे होते त्यांच्यापुरता एक नियम पक्का होता, तो म्हणजे दोन्ही बाजूंना बारी मिळण्याचा.

छापील व्यंगचित्र जिथे जन्मले तिथेही त्याची किंमत याच मापाने ठरली. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये विल्यम होगार्थने बड्या घरांतली सोयीची लग्ने आणि निवडणुकांतली लाचखोरी तांब्याच्या पत्र्यावर कोरली तेव्हा तो स्वतःच्या समाजाकडे, वरच्या थरांकडे पाहून हसत होता. फ्रान्समध्ये ऑनोरे दोमिएने १८३१ साली राजा लुई फिलिपला जनतेचे धन गिळणाऱ्या अगडबंब राक्षसाच्या रूपात दाखवले आणि १८३२ साली तो तुरुंगात गेला. पुढे १८३५ च्या कायद्याने तिथे चित्रांवर छापण्याआधीची तपासणी बसवली गेली. राजाकडे कुंचला नव्हता, पण पोलीस होते. त्याचे उत्तर त्याच्या हाती होते. न्यूयॉर्कमध्ये टॉमस नास्टने १८७१ च्या सुमाराला शहराची तिजोरी लुटणाऱ्या ट्वीडच्या टोळीवर चित्रांची झोड उठवली, तेव्हा ट्वीडकडेही पैसा, पक्ष आणि न्यायाधीश होते. अशा ठिकाणी चित्र एकतर्फी असणे हीच त्याची हिंमत ठरते. पण याच काळात लंडनच्या ‘पंच’ने दुसरे काम केले. १८५७ च्या उठावाच्या वेळी जॉन टेनियलने ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेतो असे मोठे चित्र काढले. त्या वाघाला लंडनमध्ये छापखाना नव्हता. कला तीच, सफाई तीच. फरक इतकाच की हसणारा वर होता आणि ज्याच्यावर रोख होता त्याला बारी नव्हती. हिंदुस्थानने ‘पंच’ला जे उत्तर दिले ते फार बोलके आहे. ‘पंच’वर बंदी मागण्यापेक्षा इथल्या लोकांनी आपापले ‘पंच’ काढले. मुंबईचा ‘पारसी पंच’ १८५४ सालचा, लखनौचा ‘अवध पंच’ १८७७ सालचा आणि मराठीत ठाण्याहून निघणारा ‘हिंदू पंच’. साहेबाची चेष्टेची भाषा उचलून साहेबावरच उलटवण्याचा तो उद्योग होता. आपल्याकडच्या व्यंगचित्राचा उगम शोधायचा तर तो इथे, उलट बारी मागण्याच्या या इच्छेत सापडतो.

पण ही बारी ज्यांना मिळाली ते कोण होते? ‘हिंदू पंच’च्या टोमण्यांचे लक्ष्य सरकार होते तसे आपल्यातले मवाळही होते, नामदार गोखल्यांनी या पत्रावर बदनामीचा खटला भरला, म्हणजे लक्ष्य झालेल्याकडे कोर्टाची पायरी होती. विसाव्या शतकात शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, या कलेला मराठी मासिकाच्या पानावर घर दिले. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले, आणि नांगर-रहाटांच्या कारखान्याच्या या मासिकातून शंवाकिंच्या ‘टाकांच्या फेकी’ बुवाबाजीवर, सोवळ्या-ओवळ्यावर, अंधश्रद्धेवर सुटल्या. त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. ज्या घरांत मासिक जात होते त्याच घरांतल्या देव्हाऱ्याकडे आणि माजघराकडे ती चित्रे बोट दाखवत होती. स्वतःच्या माणसांवर हसायला धैर्य लागते आणि ते शंवाकिंकडे होते. तरीही हे घराच्या आतले हसणे होते. सोवळे पाळणाऱ्याची फजिती सोवळे टाकून दिलेल्याने काढलेली. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जात होता तो माणूस चित्रात आलाच तर दया किंवा न्याय यांचा विषय म्हणून येई. सोवळ्याची मजा बाहेरून, वेशीपलीकडून कशी दिसते हे कोणाच्याच कुंचल्याने दाखवले नव्हते.

वेशीपलीकडे उपरोध नव्हता म्हणून असे घडले असे कोणी म्हणेल तर ते टिकत नाही. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. फौजेतून निवृत्त झालेल्या या हवालदाराने १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. तिची घडण प्रश्नांची आहे: धर्ममार्तंडांनी शास्त्रांच्या आधारे अस्पृश्यता सिद्ध करावी, असे विचारत जाणारी. प्रश्न विचारून समोरच्याला त्याच्याच पोथीत अडकवणे ही सवाल-जवाबाचीच रीत. महाडच्या मातीतल्या माणसाने ती छापखान्यात नेली, पण त्याला जवाब मिळाला नाही. शक्ती-तुऱ्यातली सर्वांत मोठी नामुष्की समोरच्या पक्षाने बिनदिक्कत पत्करली, कारण वलंगकरांना ते रिंगणातले मानतच नव्हते. पुढे दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोऱ्यांनी महाडच्या परिषदेसाठी खटपट केली, सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे पाठीशी उभे राहिले आणि सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्यातल्या अग्रलेखांत उपरोधाची धार कमी नाही. शुद्धी करणाऱ्यांच्या तर्काला त्यात पुरेपूर सोलून काढले आहे. पण ते पत्र आर्थिक ओढगस्तीत चालत होते आणि चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहावे लागत. चित्र छापायचे म्हणजे चित्रकार हवा, चित्रकाराला कलाशाळा किंवा रंगाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी हवी, चित्राचा ठसा करून घ्यायला दरवेळी रोख पैसा हवा. ज्या समाजाला शाळेच्या ओट्यावर वेगळे बसवत होते त्याच्याकडून ही सगळी साखळी १९२७ साली तयार असण्याची अपेक्षाच अन्यायाची आहे. लेखणी एकट्याने चालवता येते. कुंचल्याला मागे कारखाना लागतो.

मग ज्यांना चित्र छापता येत नव्हते त्यांनी ते करून दाखवले. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव झाला होता आणि १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते; ४ ऑगस्ट १९२७ रोजी तीच नगरपालिका तो ठराव मागे घेऊन बसली. डिसेंबरात दुसऱ्यांदा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात दाखल झाला आणि तात्पुरता मनाई हुकूम आला. पाणी पिण्याची कृती अशी अडली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री फत्तेखान यांच्या जागेवरच्या मंडपासमोर जे घडले ते या अडवणुकीला दिलेले उत्तर होते. जमिनीत उथळ चौकोनी खड्डा, त्यात चंदनाची लाकडे, कोपऱ्यांवर खांब आणि खांबांवर फलक. एकावर ‘मनुस्मृतीची दहनभूमी’ असे लिहिलेले. गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला होता, ते जन्माने ब्राह्मण. त्यांच्या आणि इतरांच्या हस्ते पोथी अग्नीत गेली. हा गंभीर राजकीय निषेध होता यात वाद नाही. पण त्याची मांडणी नीट पाहिली तर तिची जात व्यंगचित्राची आहे. एक पुस्तक, त्याला माणसासारखी चिता, चितेला उंची चंदन आणि अर्थ चुकू नये म्हणून वर पाटी. अमूर्त गोष्टीला देह द्यायचा, तिला फजितीच्या जागी बसवायचे आणि शेजारी नाव लिहायचे, याहून व्यंगचित्रकार वेगळे काय करतो? याच तालुक्यात शिमग्याची होळी दरसाल पेटत होती आणि बोंबही ठोकली जात होती. तीच लोकांना कळणारी भाषा इथे वेशीपलीकडून वरच्या दिशेने फिरवली गेली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. निकाल कागदात राहिला. खड्ड्याचे चित्र लोकांच्या डोळ्यांत राहिले.

यानंतर कुंचला पुन्हा दुसऱ्यांच्या हातात दिसतो. गोलमेज परिषदेपासून हिंदू कोड बिलापर्यंत इंग्रजी वृत्तपत्रांतून आंबेडकरांची शेकडाभर व्यंगचित्रे निघाली. शंकर, एन्व्हर अहमद, आर. के. लक्ष्मण अशा नामवंतांनी ती काढली. उन्नमती श्याम सुंदर यांनी ती शोधून २०१९ साली पुस्तकरूपाने एकत्र मांडली आणि ती सलग पाहिल्यावर काय दिसते याकडे लक्ष वेधले: गांधी-नेहरूंच्या शेजारी आंबेडकर वारंवार ठेंगणे, हेकट किंवा हास्यास्पद वेषात. यांतले सर्वांत गाजलेले चित्र शंकर यांचे, २८ ऑगस्ट १९४९ चे. गोगलगाईच्या शंखावर ‘संविधान’ असे लिहिलेले. तिच्यावर स्वार आंबेडकर, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांचाही चाबूक उगारलेला. भोवती गर्दी मजा बघत उभी. नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर पडणार की स्वारावर, हे रेषेतून नक्की होत नाही आणि चित्राची सगळी पुढची कटकट याच संदिग्धतेत दडलेली आहे. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली होती, म्हणजे चित्र समितीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचे. आणि संविधान तीन महिन्यांच्या आत, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले. उशीर का होत होता याचे उत्तर संविधान सभेतच १९४८ च्या नोव्हेंबरात टी. टी. कृष्णम्माचारींनी दिले होते. सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी अन्य कामात. भार अखेर आंबेडकरांवर येऊन पडला. ही माहिती गर्दीतल्या एकाही चेहऱ्यावर नाही. ती चित्रात घालणारा दुसरा कोणी चित्रकार तेव्हा तितक्याच खपाच्या पत्रात बसलेला नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शंकर यांनी नेहरूंचीही कितीतरी चित्रे काढली, आणि नेहरूंनी आपल्यालाही सोडू नका असे त्यांना मोकळेपणी सांगितले होते. मग एकाला सूट आणि दुसऱ्याला संरक्षण का मागायचे? संरक्षण मागायचे नाहीच. पण नेहरूंचे हसून घेणे आणि आंबेडकरांचे हसून घेणे यांत फरक आहे. नेहरूंच्या वाट्याला रोजच्या पानावर फजितीचे एक चित्र आले तरी शेजारी त्यांचे छायाचित्र, भाषण, गौरवलेख आणि त्यांच्याच वर्गातल्या संपादकांचा स्नेह असे. व्यंगचित्र त्यांच्या प्रतिमेतली एक छटा होते. आंबेडकरांच्या बाबतीत, इंग्रजी वाचणाऱ्या वर्गापुरते तरी, बराच काळ तेच चित्र जवळपास सगळी प्रतिमा होते. सारख्याच जोराचा फटका दोघांना बसला तरी तो कुठे आणि कोणाच्या अंगावर बसला हे मोजावे लागते. शंकर यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या मनाचा नाही, त्या काळच्या पानाच्या रचनेचा आहे.

दुसरा आक्षेप कलावंतांचा असतो. व्यंगचित्र म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. ते अतिशयोक्तीवर जगते, दोन्ही बाजू तोलत बसले तर ते अग्रलेख होईल. हे खरेच आहे आणि म्हणूनच माझे म्हणणे एका चित्राबद्दल नसून परंपरेबद्दल आहे. शक्तीचा शाहीर आपल्या बारीत तुरेवाल्यांची बाजू मांडत नाही आणि त्याने मांडूही नये. पण त्याची बारी संपल्यावर तुरेवाला रिंगणात उतरला नाही तर तो खेळ उरत नाही. एकेक चित्र खुशाल एकतर्फी असावे, कला मात्र दुतर्फी हवी. २०१२ साली झालेला गदारोळ या दृष्टीने पाहिला की कळतो. शंकर यांचे ते चित्र २००६ च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते. संविधानाला वेळ का लागला यावर विद्यार्थ्याने विचार करावा म्हणून ते तिथे घातले होते. ११ मे २०१२ रोजी संसदेत गोंधळ झाला, सरकारने पुस्तक मागे घेतले, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी सल्लागारपद सोडले आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, आणि चित्र काढून टाकणे हा उपायही चुकीचा होता, कारण चित्र वगळल्याने कोणाच्या हाती कुंचला येत नाही. पण ‘यांना विनोद कळत नाही’ हा जो निवाडा तेव्हा दिवाणखान्यांतून दिला गेला तो अज्ञानाचा होता. विटाळाच्या शास्त्राला सवालांत पकडणाऱ्या आणि पोथीला चंदनाची चिता देणाऱ्या परंपरेला उपरोध कळत नाही असे म्हणणे म्हणजे महाडचा इतिहास न वाचणे. तिला खुपत होते ते हे की त्रेसष्ट वर्षांत बारी एकाच बाजूने लावली होती.

तिसरा आक्षेप माझ्या विधानाच्या मुळावरच येतो आणि तो टाळून चालणार नाही. वंचिताच्या हाती कुंचला दिला की न्याय येतो, याला पुरावा काय? मराठी व्यंगचित्राचा सर्वांत मोठा सामाजिक परिणाम तर उलट साक्ष देतो. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ सुरू केले. वडील प्रबोधनकार पनवेलचे, म्हणजे याच जिल्ह्यातले, ब्राह्मणशाहीवर आसूड ओढणारे. मुलगा इंग्रजी दैनिकात व्यंगचित्रकार म्हणून घडलेला. मुंबईत आपल्याच राज्यात उपरा ठरल्याची भावना असलेल्या कोकण्या चाकरमान्याला ‘मार्मिक’ने पहिल्यांदा स्वतःची रेषा दिली. शक्ती-तुऱ्याच्या बारीला शिट्टी मारणारा माणूसच आता ‘मार्मिक’चे पान उलटत होता. त्या पानावर राज्यकर्त्यांची टर होती, पण ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली दाक्षिणात्य कर्मचाऱ्यांच्या नावांच्या याद्याही होत्या. १९ जून १९६६ ला त्यातून शिवसेना उभी राहिली. १९८७ साली राज्य सरकारने आंबेडकरांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले तेव्हा त्यातला देवादिकांविषयीचा मजकूर वगळण्याची मागणी करण्यात व्यंगचित्रकाराची हीच संघटना आघाडीवर होती. म्हणजे हातात कुंचला आला, तो खालच्या दिशेनेही वळला आणि दुसऱ्याच्या उपरोधाची बारी नाकारायलाही सज्ज झाला. हे सगळे मान्य करूनही माझे विधान मोडत नाही, ते नेमके होते. कुंचला मिळणे पुरेसे नाही. कुंचला मिळालेल्याने पुढची बारी ऐकायला खाली बसले पाहिजे. ‘मार्मिक’ने पहिली अट पुरी केली आणि दुसरी मोडली. पहिली अट पुरी झाली की केवढी ताकद निर्माण होते, याचा पुरावाही ‘मार्मिक’इतका भक्कम दुसरा नाही.

महाडला त्याचा चित्रकार मिळायला २०११ साल उजाडावे लागले आणि तो महाराष्ट्रातून आला नाही. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार. आंबेडकरांच्या आयुष्यावरची त्यांची चित्रकथा ‘भीमायन’ नवयाना प्रकाशनाने काढली आणि तिच्या पाण्याविषयीच्या भागात चवदार तळे आहे. हे रूढ अर्थाने व्यंगचित्र नव्हे, पण व्यंगचित्राने जिथे यायला हवे होते तिथे ते येऊन उभे राहते. व्यामांनी पानावर चौकटी आखायला नकार दिला. आपल्या माणसांना डब्यांत कोंबणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्याऐवजी गोंडांच्या घरांच्या भिंतींवर काढतात त्या दिगणाच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले. बोलणे दाखवायचे फुगे तर मुद्दाम पाहावेत असे आहेत. साध्या, प्रेमळ माणसांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचा माज बोलतो तेव्हा फुग्याला विंचवाची नांगी असते. अक्षर न वाचताही कोणाचे बोलणे डसते ते कळते. शंकर यांच्या चित्रात चाबूक कोणावर उगारला हे अस्पष्ट राहिले होते. इथे डंख कोणाचा याविषयी संदेह नाही. हा फरक हातोटीचा नाही, जागेचा आहे. ज्याला नांगी लागलेली असते त्याला तिचे चित्र काढताना विचार करावा लागत नाही.

तेव्हा मराठी व्यंगचित्राचा इतिहास पुढे लिहिताना नावांच्या यादीला एक कसोटी जोडावी लागेल. प्रत्येक काळाला विचारावे: या काळात कोण कोणावर हसत होते, आणि हसू परतवायचे साधन कोणापाशी होते? या कसोटीवर दोमिए मोठा ठरतो, शंवाकि आदराने उभे राहतात, ‘मार्मिक’चे दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात आणि शंकर यांचे चित्र पाठ्यपुस्तकातून हाकलायची गरज उरत नाही. ते ठेवावे आणि त्याच पानावर समोर १९२७ च्या शुद्धीचे, घागरी आणि पंचगव्यासकट, आज कोणी काढलेले चित्र छापावे. आज त्याला ठशाचा खर्च नाही, कलाशाळेची सक्ती नाही. हातातल्या फोनवर रेघ ओढून ती तासाभरात हजारो लोकांपुढे नेता येते आणि श्याम सुंदर यांच्यासारखे अभ्यासक-चित्रकार ते करतही आहेत. अडचण उरली आहे ती ऐकणाऱ्यांची. सगळ्यांना गायचे आहे, समोरच्याची बारी संपेपर्यंत रिंगणाबाहेर बसायची तयारी कमी झाली आहे, आणि उत्तर सुचले नाही की तक्रार, बंदी किंवा दगड ही तीन साधने सर्व बाजूंनी वापरली जातात. महाड-पोलादपूरचा कोणताही शाहीर सांगेल की जवाब न देता समोरची ढोलकी फोडणारा हरलेला असतो, मग तो कोणत्या का बाजूचा असेना.